भंगारच्या काट्यावर चढलेली खानावळ

माझ्या खानावळीतून एखादं पोरगं बारीक होऊन बाहेर पडलं असतं, तर मी काळेवाडीत तोंड दाखवलं नसतं. तरुणपणापासून मी अशीच होते. अक्कल बेताची आणि हातात भाताचा डाव हा एवढा मोठा. गावाकडून कुणाची आई भेटायला आली, की मी त्या पोराला तिच्यापुढे उभं करायची. "बघा हो, आला तेव्हा गालात सुपारी बसेल एवढे खड्डे होते. आता बघा!" आई पोराचा गाल दोन बोटांत धरायची, समाधानानं मान हलवायची, आणि मला पदक मिळाल्यासारखं व्हायचं. कुंभाराला मडक्यांचा अभिमान, मला गालांचा.

आता खानावळ सुनेच्या हातात आहे आणि मी दारात खुर्ची टाकून नावं ठेवायचं काम करते. ते मला जास्त चांगलं जमतं.

ज्यांनी कधी मेसमध्ये जेवण केलं नाही, त्यांना आमच्या धंद्यातली गोम सांगते. मेसमध्ये पोळ्या मोजून आणि भात हवा तेवढा, असं का? पोळी लाटायला बाई लागते, वेळ लागतो. भात एकदा शिजला की शिजला. भाजी महाग, म्हणून फोडी कमी आणि रस्सा भरपूर. रस्सा पातळ आहे हे झाकायला वर तेलाची लाल तर्री. शिफ्टवरून दमून आलेली पोरं ताट घेतलं की आधी तर्री बघतात. तर्रीत ट्यूबलाइट दिसली पाहिजे, असा आमच्या गल्लीतला अलिखित नियम. समोरच्या मेसवाल्याच्या तर्रीत ट्यूबलाइट दिसते म्हटल्यावर मी माझ्या तर्रीत पंखा फिरताना दिसेल एवढं तेल ओतायची.

आणि त्यावर आग्रह. 'नको' हा शब्द मला ऐकूच यायचा नाही. पोरानं ताटावर हात आडवा धरला, तर मी बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. एक वेल्डर होता, तो भाताचा डोंगर करून मधोमध विहीर खणायचा आणि म्हणायचा, "मावशी, आता पाणी सोडा." मी सोडत राहायची. विहीर कधी भरली नाही, वेल्डर मात्र भरला. दुसरा एक कोकणातला, इतका भिडस्त की त्याला 'पुरे' म्हणताच यायचं नाही. तो आता रावेतला राहतो. परवा बाजारात भेटला. पोटावरून हात फिरवून म्हणाला, "मावशी, ही तुमची ठेव. जपून ठेवलीय." मी हसले. मग भाजीची पिशवी घेऊन तो समोरचा छोटा चढ चढला आणि वर जाऊन खांबाला धरून उभा राहिला. तेव्हा नाही हसले.

पण मला सांगायचं आहे ते सुदामचं.

सुदाम बीडकडचा. चाकणला एका गाडीच्या कंपनीत लाइनवर चाकं बसवायचा, ठेकेदाराकडून. काळेवाडीतून कंपनीची बस पकडायचा, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायचा. आला तेव्हा तारेसारखा होता. चार-पाच वर्षांत मी त्याचं काय केलं ते सांगत नाही, पण बसमध्ये त्याच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची.

एक दिवस तो ताटावर बसला आणि ताटाकडे बघतच राहिला.

"काय रे? मीठ कमी झालं?"

"मावशी, पर्मनंट करायच्या यादीत नाव लागलं माझं."

"अगं बाई! मग असा सुतकी चेहरा कशाला?"

"मेडिकल झालं. अनफिट आलोय. बीपी वर, साखर काठावर, वजन तर विचारूच नका. डॉक्टर म्हणल्या, सहा महिन्यांनी परत तपासू. तेव्हा नाही बसलं तर माझी जागा दुसऱ्याला."

पर्मनंट म्हणजे काय, हे आमच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलीचा बाप मुलाचं नाव नंतर विचारतो, आधी 'पर्मनंट आहे का' विचारतो. सुदामच्या आईनं दोन ठिकाणी बोलणी लावली होती आणि दोन्हीकडून हाच प्रश्न आला होता. या एका तपासणीवर त्या पोराचं सगळं लटकलं होतं.

मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच? मी बारीक करते तुला."

ज्या बाईनं आयुष्यात कुणाला बारीक केलं नव्हतं, ती बाई हे बोलत होती. आणि मला उपायही एकच ठाऊक होता. उपास.

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधे एकादशी, चतुर्थी आली तर वरून. सुदाम बिचारा भाविक, लगेच तयार झाला. आणि उपासाला मी काय वाढायची? साबुदाण्याची खिचडी, भरपूर दाण्याचं कूट घालून. बटाट्याची भाजी तुपातली. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस, गूळ घालून. रात्री झोप यावी म्हणून राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मीच सगळ्यांना ऐकवायची, आणि मीच त्या पोराला आठवड्यातून चारदा एकादशी घडवत होते.

महिन्याभरानं वजन बघायचं ठरलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईंचं भंगारचं दुकान. लोखंड, पत्रा, रद्दी मोजायचा मोठा काटा त्यांच्याकडे. मी सुदामला घेऊन गेले.

"काय आणलं ताई? पत्रा?" रफिकभाई चष्मा वर करत म्हणाले.

"नाही, सुदाम."

"चढवा."

सुदाम चपला काढून काट्यावर चढला. लाल आकडे जरा थरथरले आणि थांबले. मेडिकलच्या कागदावर होता त्याच्या बराच पुढे.

रफिकभाईंनी एकदा आकड्याकडे बघितलं, एकदा सुदामकडे. "उपास करतोय म्हणाला होतास ना? देव फारच प्रसन्न झालेले दिसतात. वरूनच टाकायला लागले."

सुदामचे डोळे भरून आले. मला वाटलं, जमीन फाटावी. पण मी तेव्हा जमिनीत मावले नसते.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी कंपनीच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. संध्याकाळी त्या चिंचवडला स्वतःच्या दवाखान्यात बसायच्या. लहान चणीच्या, पण डोळे तेज. मी उपासाचा सगळा बेत अभिमानानं सांगितला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की बाहेरचा पेशंट डोकावून गेला.

"मावशी, हा उपास मला पण करायला आवडेल."

मग त्यांनी नीट समजावलं. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, उरलेल्या अर्ध्यात उसळ नाहीतर वरण आणि भाकरी. भात चवीपुरता. तेल हात आखडून. लाडू, शीतपेयं, गाड्यावरची भजी बंद. रोज अंगाला घाम येईल असं चालणं. झोप पुरती. "उपाशी राहायचं नाही," त्या म्हणाल्या. "भूक मारली की ती दुप्पट होऊन परत येते." आणि मग माझ्याकडे बघून, "तुमचं वजन कधी केलंय?"

"माझं कशाला? मी तर वाढणारी."

"तेच विचारतेय. गुडघे दुखतात?"

गुडघ्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपासून मला खाली मांडी घालून बसता येत नव्हतं. ज्या बाईची भाकरी पाटावर बसून थापण्यासाठी प्रसिद्ध, ती उभ्यानं थापत होती आणि 'नवीन पद्धत' म्हणून सांगत होती.

परत येताना सुदाम रिक्षात म्हणाला, "मावशी, मी चालतो. पण तुमी संगं चालायचं. एकट्याचं नाही होणार मला."

म्हणून मी पण काट्यावर चढले. रफिकभाई सभ्य माणूस. त्यांनी आकडा वाचला नाही. नुसतं "माशाल्लाह" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

चालणं सुरू झालं. सुदामची पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी, दुसरी असली की सकाळी. काळेवाडीतून पवनेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत. पहिल्या दिवशी मी पुलापर्यंत पोचलेच नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि सुदामला म्हटलं, "तू जाऊन ये, मी इथं दुकान राखते." माझ्या नातीनं, सईनं, मला बूट आणून दिले. साडीवर पांढरे बूट घालून निघाले की गल्लीतली कुत्री भुंकायची. त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी मला पन्नास पावलांच्या पुढे कधी जाताना पाहिलंच नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी रफिकभाई पण आले. म्हणाले, "तुमचं बघून माझी बायको मला घालवते घरातून."

चालणं सोपं. खरी लढाई ताटात.

एकट्या सुदामला वेगळं ताट द्यावं, तर त्याचं अर्धं लक्ष शेजारच्याच्या रश्श्यात. वाळलेल्या घशानं दुसऱ्याची तर्री बघणं माणसाला जमत नाही. म्हणजे सगळी मेसच बदलायला हवी. पण मी एकदम तेल कमी केलं, तर दोन दिवसांत पोरं समोरच्या मेसमध्ये. मी तसं करून बघितलंच. तिसऱ्या दिवशी एक पोरगा ओरडला, "मावशी, मेस आहे का दवाखाना? सलाइन पण लावा की!" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासकट एक अख्खं टेबल समोर जेवायला.

मग मात्र माझ्यातली जुनी खट्याळ बाई जागी झाली. मी तर्री बंद नाही केली. वेगळी काढून एका पातेल्यात ठेवली आणि ते पातेलं नेऊन ठेवलं पार मागे, हात धुवायच्या बेसिनजवळ. "ज्याला हवी त्यानं उठून घ्या. कुणाला अडवणार नाही." आठ तास उभं राहून आलेलं पोरगं एकदा बसलं की तर्रीसाठी उठतं होय? पहिले दोन दिवस एक-दोघे उठले. नंतर त्या पातेल्यात पंखाच फिरताना दिसायचा, पोरगं नाही.

दुसरी युक्ती उशिराची. पोरं भुकेली येऊन बसली, की मी ताटात काकडीची कोशिंबीर, गाजर, वाटीभर मटकीची उसळ वाढायची. "भाकरीला जरा वेळ आहे, तोवर हे घ्या." भाकरीला काही वेळ नसायचा. आतल्या बाईला मी डोळ्यानं थांबवून ठेवायची. भूक लागली की माणूस समोर असेल ते खातो. भाकरी येईपर्यंत निम्मं पोट भरलेलं असायचं, आणि पोरं म्हणायची, "मावशी, आजकाल भाकरी कमी खपते, तुमचं पीठ बदललं काय?" पीठ तेच. बाई बदलली होती.

तिसरी गोष्ट भाताचा डाव. माझा मोठा डाव मी माळ्यावर टाकला आणि लहान आणला. पण डावापेक्षा हात बदलणं अवघड. लहान डावानं मी दोनदा वाढायची, मग तिसऱ्यांदा. एकदा सुदामनं माझा हात धरला. "मावशी, डाव लहान झाला, पण तुमचा जीव तेवढाच हाय." मेल्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. त्यानंतर मी भात वाढायचं काम सुनेला दिलं आणि स्वतः पाण्याचे तांबे भरायला लागले.

वजन उतरायला लागलं. हळूहळू, पण लागलं. रविवारी सकाळी आम्ही तिघं भंगारच्या काट्यावर. रफिकभाई आधी जुन्या सायकली बाजूला करायचे, मग म्हणायचे, "चला, आता महागाचा माल."

आणि गणपतीत सगळं बिघडलं. सुदाम सुट्टीला गावी गेला. आईनं दारातच बघितलं आणि रडायला लागली. "माझं लेकरू वाळलं! त्या पुण्याच्या बाईनं उपाशी मारलं!" मग मोदक, पुरणपोळी, पाहुण्यांकडची बोलावणी. परत आला तो काट्यावर चढेचना. चढला तेव्हा बरीच कमाई गेलेली.

दुसऱ्या दिवशी चालायला आला नाही. त्याच्या खोलीवर गेले, तर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"मावशी, मला नाही जमायचं. राहू द्या ते पर्मनंट. आईला रडवून बारीक होऊ का मी?"

मी तशीच उलट्या पावली फिरले. 

घरी आले आणि त्याच्या आईला फोन लावला. समोरूनही एक वाढणारीच बाई, माझ्याच जातकुळीची. तिनं मला नमस्कारही करू दिला नाही.

"कामून उपाशी ठेवायलात माझ्या लेकराला? गाल बघितले का त्याचे?"

"बाई, त्या गालांचा माज मलाच होता आधी. तुमच्याआधी मी ओवाळलेत ते गाल."

"मग?"

"मग ते गाल नव्हते. तेल होतं. माझ्याच डब्यातलं. आणि त्या तेलापायी त्याची नोकरी अडलीय. तुम्हाला सांगितलं नाही त्यानं?"

सांगितलं नव्हतं. मेडिकलचं, साखरेचं, बीपीचं, काहीच नाही. आईला काळजी नको म्हणून.  मग ती हळूच म्हणाली, "त्याच्या बापाला साखरच होती, बाई."

सकाळी मी बूट घालून सुदामच्या खोलीखाली उभी राहिले. हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. हाक मारणं म्हणजे परत आग्रहच. मी एकटीच निघाले. कुत्री भुंकली. अर्ध्या वाटेवर मागून पावलं ऐकू आली. सुदाम. शेजारी येऊन चालायला लागला.

"आईचा फोन आलता," तो म्हणाला. "म्हणली, त्या बाईच्या संगं चाल."

त्या दिवशी आम्ही पूल ओलांडून पुढे गेलो.

पुढचे दिवस भराभर गेले असं मी लिहिणार नाही. ते हळूच गेले. थंडी पडली, भज्यांच्या गाड्यांचा वास आडवा आला, रफिकभाई एकदा त्या वासात हरवून गेले आणि तासाभरानं तोंड पुसत सापडले. पण सुदामच्या पँटच्या पट्ट्याला रफिकभाईंच्या दुकानातला खिळा ठोकून नवीन भोकं पडत गेली. आणि एक दिवस स्वयंपाकघरात काही तरी खाली सांडलं म्हणून मी सहज बसले, पुसलं, आणि लक्षात आलं की मी मांडी घालून बसले आहे. सुनेला हाक मारली, "पाट आण गं. आणि पीठ." त्या दिवशी पाटावर बसून थापलेली भाकरी अशी फुगली, की मला तिच्यावर वजनाचा संशय आला.

मेडिकलच्या दिवशी मी दारात खुर्ची टाकून बसले होते. दुपारी फोन वाजला. चाकणच्या गेटवरून. मागे गाड्यांचे हॉर्न.

"मावशी..."

"बोल ना मेल्या!"

"फिट!"

मी ओरडले ती अशी, की रफिकभाई पत्रा टाकून पळत आले. त्यांना वाटलं सिलेंडर फुटला.

पुढच्या रविवारी सुदामची आई आली, पेढे घेऊन. उंच, सावळी, माझ्याएवढीच तोंडाळ. पोराला बघितलं आणि हात आपोआप गालाकडे गेला. दोन बोटांत काही सापडेना. तोंडावर आनंद आणि डोळ्यांत तेच जुनं, 'वाळलं माझं लेकरू'. मी म्हटलं, "चला बाई, तुम्हाला एक दाखवते."

भंगारच्या दुकानात सुदाम काट्यावर चढला. लाल आकडे थांबले. मी सुनेला मेसमधून तेलाचा नवा, सीलबंद डबा आणायला सांगितलं होतं. मी तो डबा सुदामच्या हातात दिला. आकडे पळाले आणि थांबले. रफिकभाईंनी या वेळी मोठ्यानं वाचला आकडा. अनफिट आला त्या दिवशीचा, जवळजवळ तोच.

"अल्लाकसम, काटा खरा आहे," ते म्हणाले.

आईनं पुढे होऊन पोराच्या हातातून डबा घेतला. घेतला, आणि तिचे खांदे खाली आले. दोन पावलं चालली, धाप लागली, आणि तिनं डबा जुन्या पत्र्यांवर ठेवून दिला.

"हे घेऊन बसमध्ये चढायचं माझं लेकरू? रोज?"

 मग तिनं पोराचा गाल पुन्हा धरला, आणि या वेळी मान हलवली. मला पुन्हा पदक मिळालं. आधीची सगळी मी परत करायला तयार आहे.

जेवायला त्या दिवशी मी स्वतः वाढलं. सुदाम कोशिंबीर संपवून, उसळ संपवून, भाकरी खाऊन म्हणाला, "मावशी, भात वाढा की थोडा." मी लहान डाव भरून वाढला. एकदाच. त्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींच्या ओठांवर तेच शब्द येऊन उभे होते, 'अजून थोडा घे.'

मी ते गिळले. त्या दिवशी मी जास्तीचं खाल्लं ते तेवढंच.